छपरावर साचलेले हिम: वजन कसे मोजावे, धोका कसा ओळखावा, हिम कसे उतरवावे

आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही आपण बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही बर्फच. छपराचा विचार करताना हे दोन वेगळे ठेवावे लागतात, कारण दोघांचे वजन वेगळे आणि नुकसान करण्याची तऱ्हाही वेगळी. म्हणून या लेखात वरून पडलेले ते हिम आणि पाणी गोठून झालेला तो बर्फ.

हिमाळ्या प्रदेशात छपराचे नुकसान दोन वाटांनी होते. पहिली वाट वजनाची: वासे वाकतात, कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) तडकतात, क्वचित सगळे छप्पर खाली येते. दुसरी पाण्याची: वळचणीला बर्फाचा बांध तयार होतो, त्यामागे पाणी तुंबते आणि कौलांखालून उलटे चढून घरात शिरते. भीती सगळ्यांना पहिलीची वाटते, पण राहत्या घरांत दुसरी कितीतरी जास्त वेळा घडते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही.

उंची नव्हे, वजन बघा

"दोन फूट पडलंय, आता काय?" या प्रश्नाला नुसत्या उंचीवरून उत्तर देता येत नाही. कडक थंडीत पडलेले ताजे, कोरडे हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरते. तेच काही दिवसांनी दबले की २०० ते ३०० किलो होते. वाऱ्याने लोटून ठासलेले हिम ४०० च्या आसपास जाते आणि पाणी प्यायलेले ओले हिम ५०० पर्यंत. निखळ बर्फ ९१७ किलो. म्हणजे छपरावर ३० सेंटिमीटरचा थर दिसत असेल, तर त्याचा भार दर चौरस मीटरला २० किलो असू शकतो, ७५ किलो असू शकतो आणि १५० किलोही असू शकतो. अंगणातून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच पांढरे दिसतात.

पटकन अंदाज हवा असेल तर २५ किलोचा एक हिशेब लक्षात ठेवा. दर चौरस मीटरला २५ किलो भार होण्यासाठी ताजे हिम २५ ते ३० सेंटिमीटर लागते, जुने दबलेले ८ ते १३ सेंटिमीटर पुरते आणि बर्फ तर जेमतेम अडीच सेंटिमीटर. थर एकावर एक असतील तर सरळ बेरीज करायची. समजा, तळाशी अडीच सेंटिमीटर बर्फ आहे, त्यावर २० सेंटिमीटर दबलेले जुने हिम आणि वर कालचे ३० सेंटिमीटर ताजे. भार झाला २५ अधिक ५० अधिक २५, म्हणजे साधारण १०० किलो. १०० चौरस मीटरच्या छपरावर हे दहा टन.

याहून नेमके वजन हवे असेल तर ते दहा मिनिटांत काढता येते. दोन्ही बाजूंनी उघडा, १० सेंटिमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या. ज्या जागी हिम वाऱ्याने उडालेले नाही आणि लोटून साचलेलेही नाही, अशा जमिनीवर तो उभा दाबत तळापर्यंत न्या. खालून पातळ पत्रा सरकवून आतले सगळे हिम पिशवीत घ्या आणि किलोमध्ये वजन करा. आलेल्या आकड्याला १२७ ने गुणले की दर चौरस मीटरचा भार मिळतो. पाइपमधले हिम ६०० ग्रॅम भरले तर ०.६ गुणिले १२७, म्हणजे सुमारे ७६ किलो. वजनकाटा नसेल तर हिम वितळवून पाणी मापा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या, एका मापावर विसंबू नका.

हा झाला जमिनीवरचा भार. उघड्यावरच्या छपरावरून वारा काही हिम उडवून नेतो, म्हणून सपाट किंवा कमी उताराच्या छपरासाठी युरोपीय नियमावली जमिनीवरच्या भाराच्या ०.८ पट धरते आणि अमेरिकी नियमावली ०.७ पटीपासून सुरुवात करते. घर झाडांच्या किंवा उंच इमारतींच्या आडोशाला असेल तर ही सूट धरू नका. उताराचाही वाटा असतो: युरोपीय नियमावलीत ३० अंशांपर्यंत भार पूर्ण धरतात, तिथून तो कमी करत नेतात आणि ६० अंशांना शून्य मानतात. पण ही सवलत हिम मोकळेपणाने घसरून खाली पडू शकत असेल तरच लागू होते. कडेला कठडा किंवा हिम घसरू न देणारे आडवे हिमरोधक लावलेले असतील तर उतार कितीही असो, हिम तिथेच अडते.

आता हा भार कशाशी ताडून बघायचा? घराच्या आराखड्यात छपराचा हिमभार लिहिलेला असतो, बहुधा किलोन्यूटन प्रति चौरस मीटर या एककात. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो. कमी हिमाच्या भागांतली घरे दर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपासच्या भारासाठी बांधलेली असू शकतात, जास्त हिमाच्या भागांत हा आकडा कित्येक पट असतो. कागद सापडत नसतील तर स्थानिक बांधकाम परवाना कार्यालयाकडे त्या भागाचा नियमाचा आकडा मिळतो. घर तो नियम येण्याआधीचे असेल, तर मात्र तो आकडा तुमच्या घराला लागू आहे असे धरून चालू नका. अशा घरासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एकदा तपासणी करून घेणे हाच नीट मार्ग.

भार कुठे बसला आहे

छपरे बहुधा एकसारख्या भाराने पडत नाहीत, एका जागी साचलेल्या भाराने पडतात. वारा एका पाख्यावरचे, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूवरचे, हिम उचलतो आणि आढ्यापलीकडे, वाऱ्याच्या आडच्या पाख्यावर नेऊन टाकतो. एक बाजू जवळजवळ कोरी आणि दुसरीवर दुप्पट, अशी स्थिती होते. कैची दोन्ही बाजूंनी सारखी दाबली जाईल या हिशेबाने बसलेली असते. एकीकडून दाब आला की ज्या दांड्यांत एरवी ताण असतो त्यांत दाब येऊ शकतो आणि जोड भलत्याच दिशेने ओढले जातात.

त्याहून वाईट जागा म्हणजे उंच भिंतीला लागून असलेले खालचे छप्पर. पडवी, गाडीचा आडोसा, मागून जोडलेली खोली. वाऱ्याने वरच्या छपरावरून उडवलेले हिम भिंतीच्या पायथ्याशी साचते. त्याची खोली भिंतीलगत सर्वांत जास्त असते आणि साधारण तिच्या चौपट अंतरापर्यंत उतरत जाते. म्हणजे भिंतीशी एक मीटर हिम असेल तर चार मीटरपर्यंतचा पट्टा जादा भाराखाली आहे, आणि पडवी बहुधा तेवढीच रुंद असते. हे हिम वाऱ्याने ठेचलेले असल्याने ताज्या हिमापेक्षा खूप जड असते. त्यात वरच्या पाख्यावरचा ढीग एकदम घसरून आदळला तर धक्क्याचा भार वेगळा. घराचे मुख्य छप्पर शाबूत आणि पडवी आडवी, हे दृश्य याच कारणाने दिसते. हिमवादळानंतर छपरे बघताना पहिली नजर पडवीवर टाका.

धुरांड्याच्या वरच्या अंगाला, दोन पाखी आत वळून मिळतात त्या खोबणीत, सौर पॅनेलच्या खालच्या कडेशी आणि सपाट छपराच्या कठड्याजवळही असेच साचते.

हिमावर पाऊस पडणार असा अंदाज असेल तेव्हा खरी घाई करा. हिम स्पंजासारखे पाणी धरते. २५ मिलिमीटर पाऊस पूर्ण मुरला तर दर चौरस मीटरला २५ किलो वाढले, आणि उंची मात्र वाढण्याऐवजी कमी झालेली दिसते. "हिम खाली बसलं, आता धोका टळला" असा समज इथेच होतो. सपाट छपरावर पाणी जायची तोंडे हिमाने बुजली असतील तर पाणी तुंबते; दर सेंटिमीटर पाण्याला दहा किलो. त्याने छप्पर किंचित वाकते, वाकलेल्या जागी आणखी पाणी जमते, मग आणखी वाकते. म्हणून सपाट छपरावर सगळे हिम काढण्याआधी पाण्याची तोंडे मोकळी करा.

छप्पर किती पेलेल हे त्याच्या तब्येतीवरही अवलंबून असते. जर्मनीतल्या बाड राइखेनहाल इथल्या बर्फावरील स्केटिंगच्या सभागृहाचे छप्पर २ जानेवारी २००६ रोजी कोसळले आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशीचा हिमभार छपरासाठी धरलेल्या भारापेक्षा कमी होता. लाकडी तुळयांच्या जोडांत ओलाव्याला न टिकणारा गोंद वापरलेला होता आणि वर्षानुवर्षांच्या दमट हवेने तो सुटत गेला होता. घरातही हेच घडते, फक्त लहान प्रमाणात: गळतीने कुजलेले वाशाचे टोक, वाळवीने पोखरलेले आढे, गंजलेले खिळे. माळ्यावर खोली काढताना वाशांची खालची टोके बांधून ठेवणारी आडवी तुळई कापून टाकली असेल, तर ते सर्वांत धोक्याचे. ती तुळई वाशांना बाहेर पसरू देत नाही. ती गेली की हिमाच्या भाराने आढे खाली बसते आणि भिंतींचे माथे बाहेर ढकलले जातात.

छप्पर देत असलेले इशारे

थंडीत लाकूड आकसते आणि रात्री एखादा कट्कन आवाज होतो, त्याने घाबरू नका. पण हिम साचलेले असताना आवाज वारंवार येऊ लागले, आधी कधी नव्हता असा करकर आवाज सुरू झाला किंवा मोठा तडका ऐकू आला, तर तो भाराचा आवाज समजा. घराच्या मधल्या भागातली, आतल्या भिंतींतली दारे अचानक घासू लागणे हाही मोठा इशारा, कारण त्या दारांवर भार येतो तो वरून. बाहेरच्या भिंतीतले दार ओलीने फुगूनही अडकते, म्हणून आतल्या दारांकडे लक्ष ठेवा. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी नवी भेग, छताला आलेला पोक, बाहेरून बघताना सरळ न दिसणारी आढ्याची रेघ, माळ्यावर वाशाला पडलेली ताजी, आतून पिवळसर दिसणारी चीर: यातले काहीही दिसले तर पुढचा विचार घराबाहेर उभे राहून करा.

संशय आहे पण खात्री नाही, अशा वेळी मोजमाप मदत करते. माळ्यावर वाशाच्या मधोमध खिळा ठोकून ओळंबा सोडा, त्याचे टोक जमिनीवर ठेवलेल्या फळीपासून किती उंच आहे ते मिलिमीटरमध्ये लिहा, शेजारी तारीख आणि वेळ टाका. दोन-दोन तासांनी पुन्हा बघा. ४ मीटर लांबीच्या वाशाला पूर्ण भाराखाली १७ ते २२ मिलिमीटर वाक नियमांत बसतो, म्हणजे लांबीच्या दोनशेचाळिसाव्या ते एकशेऐंशीव्या भागाइतका. पण या आकड्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे वाक वाढतोय का. हिम पडायचे थांबले आहे आणि ओळंबा तरीही खाली येतोय, तर वासा किंवा जोड तुटण्याच्या वाटेवर आहे. माळ्यावर न जाता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, अग्निशमन दलाला कळवा.

टेकू लावायचा असेल तर तो हिवाळ्याआधी, घर शांत असताना. लोखंडी फिरकीचा टेकू घ्या, त्याच्या खाली आणि वर किमान ५ सेंटिमीटर जाडीची फळी द्या आणि फिरकी नुसती टेकेपर्यंत फिरवा. वाकलेले छप्पर टेकूने वर उचलायला जाऊ नका; ताणलेला जोड तिथेच निखळतो. टेकूखालची लाकडी जमीन तो भार घेत नसेल तर तिच्याखालीही टेकू हवा, अगदी पायापर्यंत. मधेच संपणारा टेकू भार नाहीसा करत नाही, एका मजल्यावरून दुसऱ्यावर ढकलतो.

हिम उतरवणे

छपरावर चढू नका. हिमाखाली काचेचा झरोका कुठे आहे ते दिसत नाही, पत्र्यावर पाय ठरत नाही, आणि आधीच ताणलेल्या छपरावर तुमचे ८०-९० किलो एका पावलावर येतात. जपानच्या भारी हिमाच्या भागांत दर हिवाळ्यात छपरावरचे हिम उतरवताना माणसे, विशेषतः वयस्कर माणसे, पडून जिवानिशी जातात. आणि ती अशा कामाला सरावलेली असतात. कमरेला दोर, दोराला पक्का अँकर आणि तसे प्रशिक्षण असलेल्यांनीच वर जावे.

बाकीच्यांसाठी साधन आहे रूफ रेक: सुमारे ६० सेंटिमीटर रुंद पाते आणि जोडून ५-६ मीटर होणारा हलका दांडा असलेले, ओढायचे फावडे. पात्याला लहान चाके असलेले घ्या, म्हणजे पाते कौलांवर घासत नाही. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर वीज वाहणाऱ्या तारांपासून किमान ३ मीटर दूर राहा. घरात येणारी विजेची तार कुठून जाते ते दिवसा, आधीच बघून ठेवा. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा आणि सोबत दुसरा माणूस हवा.

जमिनीवर उभे राहा, पण वळचणीच्या सरळ खाली नाही. घनमीटरभर दबलेले हिम २०० ते ३०० किलोचे असते आणि ते एकदम सुटते. बाजूला, तिरके उभे राहून ओढा आणि मागे हटायला वाट मोकळी ठेवा. शिडीवरून रेक ओढू नका. ओढण्याचा झटका तुम्हाला मागे खेचतो आणि घसरलेले हिम शिडीच उचलते.

सुरुवात वळचणीपासून करा आणि वर सरका. एका वेळी १५-२० सेंटिमीटरचाच थर घ्या. खोल रुतवून मोठा लोट ओढायला गेलात तर वरचे सगळे एकदम येते. उताराच्या दिशेनेच, वरून खाली ओढा. आडवे ओढल्याने कौलांच्या आणि शिंगल्सच्या (एकावर एक चढवलेल्या डांबरी पट्ट्यांच्या) कडा उचकटतात. तळाशी ३ ते ५ सेंटिमीटर हिम राहू द्या. थंडीत शिंगल्स ठिसूळ होतात, त्यांच्यावरचे खडीचे कण पात्याने खरवडले जातात, आणि तेवढ्या हिमाचे वजन काही मोठे नसते.

भार कमी करायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. एक पाखे पूर्ण साफ करून मग दुसऱ्याकडे वळणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक. वर सांगितलेला एकतर्फी भार त्याने तुम्ही स्वतःच तयार करता. मीटरभर रुंदीचा पट्टा इकडे, मग तेवढाच तिकडे, असे आळीपाळीने करा. एका बाजूला वाऱ्याने ढीग लावला असेल तर आधी तो निम्मा करा, मग दोन्हीकडे समान उतरवा. वरच्या छपरावरचे हिम खालच्या पडवीवर टाकू नका. खाली पडलेल्या ढिगाने दारे, खिडक्या, गॅसचे मीटर बुजत असतील तर ते लगेच हलवा.

दोन मजली घराच्या वरच्या छपरापर्यंत रेक पोचत नाही. तिथे खुर्ची, टेबल किंवा दुसऱ्या मजल्याची खिडकी असा मार्ग काढू नका, माहितगार कारागीर बोलवा. हिम ओढणे हृदयावर मोठा ताण देणारे काम आहे, आणि थंड हवेने रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना तर जास्तच. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे काम स्वतः करू नये. बाकीच्यांनीही वीस मिनिटांनी थांबावे.

गरम पाणी ओतू नका. ते वळचणीला जाऊन गोठते. घरातला हीटर वाढवून हिम वितळवायचा प्रयत्नही करू नका. तो थेट पुढच्या त्रासाकडे नेतो.

बर्फाचा बांध

हिम स्वतः चांगले इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारे आवरण, आहे. घरातली ऊब छतातून माळ्यावर निसटली की छपराच्या फळ्या तापतात आणि हिमाच्या थराचा तळ वितळू लागतो, वर कडक थंडी असली तरी. ते पाणी फळ्यांलगत खाली वाहते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते. तिथे पोचताच पाणी गोठते. दिवसागणिक थर चढत जाऊन बर्फाचा बांध होतो आणि त्यामागे तळे साचते. कौले आणि शिंगल्स वरून खाली वाहणारे पाणी अडवण्यासाठी एकावर एक चढवलेली असतात. मागून वर चढणारे पाणी ती अडवू शकत नाहीत. मग भिंतीच्या माथ्यावरून ओल उतरते, इन्सुलेशन भिजून निकामी होते, ऊब आणखी निसटते, बांध आणखी वाढतो.

आपल्याकडे पावसात वळचणीला पागोळ्या लागणे चांगले लक्षण, पण हिमाळ्या थंडीत वळचणीला लटकणारे बर्फाचे जाड सुळे हे माळा उबदार असल्याचे लक्षण. आणखी सोपी तपासणी: हिम पडून एक-दोन दिवस झाले की समोरून छपराकडे बघा. सगळीकडे सारखे हिम असेल तर उत्तम. मधेच वितळलेले गोल, वाशांच्या रेषा किंवा धुरांड्याभोवती मोकळी जागा दिसत असेल तर तिथून ऊब जाते आहे. फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात दुरुस्ती करताना हाच नकाशा कामाला येतो.

दुरुस्तीचा क्रम पक्का आहे: आधी हवेच्या फटी, मग इन्सुलेशन, मग वायुवीजन. बरेच जण थेट इन्सुलेशनचा जाड थर टाकतात. काचलोकरीतून हवा आरपार जाते, म्हणून फटी तशाच ठेवून थर वाढवला तर फायदा निम्माही होत नाही. थंड, वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती घेऊन माळ्याच्या झडपेच्या कडा, दिव्यांची भोके, पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या छतातून जातात त्या जागा तपासा. धूर जिथे वर ओढला जातो तिथे फट. लहान फटींना सीलंट, मोठ्यांना फोम, झडपेला रबराची पट्टी आणि वर इन्सुलेशनचे झाकण. धुरांड्याभोवती फोम वापरू नका, तो पेटू शकतो. तिथे पत्रा आणि आगरोधक सीलंट लावा आणि धुरांड्यापासून लाकूड व इन्सुलेशन किमान ५ सेंटिमीटर दूर ठेवा. स्नानघराचा पंखा माळ्यात हवा सोडत असेल तर त्याची नळी छपराबाहेर काढा. त्या दमट हवेने फळ्यांना बुरशी येते, ते वेगळेच.

वायुवीजनासाठी रूढ प्रमाण असे: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५०व्या भागाइतकी मोकळी झरोक्यांची जागा, आणि ती वळचणीत व आढ्याजवळ नीट वाटलेली असेल तर ३००वा भाग. ९० चौरस मीटरच्या माळ्याला दुसऱ्या हिशेबाने ०.३ चौरस मीटर, साधारण निम्मी खाली, निम्मी वर. जाळीने अडणारी जागा यात धरायची नाही. इन्सुलेशन वळचणीच्या झरोक्यावर दाबले जाणार नाही असे बघा. छपराच्या फळ्या आणि इन्सुलेशन यांच्यात किमान अडीच सेंटिमीटरची वाट मोकळी हवी. जमले की नाही हे तपासायला माळ्यावर थर्मामीटर ठेवा. अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेने दिलेला दाखला उपयोगी आहे: बाहेर उणे ५-६ अंश सेल्सियस असताना माळा उणे १ अंशाच्या वर जाऊ नये. तेवढे साधले तर त्रासदायक बांध होत नाही.

छप्पर नव्याने घालायचे असेल तर वळचणीच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला किमान ६० सेंटिमीटरपर्यंत चिकटणारी जलरोधक चादर कौलांखाली घालून घ्या. ती बांध थांबवत नाही, पण मागे तुंबलेले पाणी फळ्यांपर्यंत पोचू देत नाही.

बांध झालाच असेल आणि आत ठिबकत असेल तर पुढचे करा. छत पोक काढून लोंबत असेल तर त्या भागाची वीज बंद करा, खाली बादली ठेवा आणि पोकाच्या सर्वांत खालच्या बिंदूला लहान भोक पाडा. पाणी एका जागी उतरते आणि सगळे छत कोसळत नाही. माळ्यावर जाणे सुरक्षित असेल तर जिथे पाणी येते त्या जागी पंख्याने बाहेरची थंड हवा मारा. आत शिरणारे पाणी गोठून गळती तात्पुरती थांबते. बाहेरून, जुन्या नायलॉनच्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो मोजा बांधावर उभा, उताराच्या दिशेने, टोक पन्हळीच्या पुढे येईल असा ठेवा. काही तासांत तो बर्फात वाट कोरतो आणि तुंबलेले पाणी निघून जाते. हेही काम जमिनीवरून हात पोचत असेल तेवढेच. साधे मीठ वापरू नका, ते पन्हळ आणि खिळे गंजवते, खालची झाडे जाळते. कॅल्शियम क्लोराइडही जपूनच.

कुऱ्हाड, छिन्नी, हातोडा, आगीची ज्योत यांपैकी काहीही बर्फाला लावू नका. बर्फ फुटेपर्यंत त्याखालची कौले आधी फुटतात. पूर्ण बांध काढायचाच असेल तर कमी दाबाच्या वाफेने काम करणारे कारागीर असतात. उष्ण तारा वळचणीला नागमोडी लावणे हा शेवटचा पर्याय. लावल्या तर वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह लावा आणि पन्हळ व खाली उतरणाऱ्या नळीतूनही न्या, नाहीतर वितळलेले पाणी नळीत गोठते.

एक बारकावा. बांध टाळण्यासाठी वळचणीलगतचे मीटर-सव्वा मीटर हिम रेकने काढतात, ते ठीक आहे. पण वर जाड हिम राहिले आणि माळा गरम असेल, तर मोकळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला दुसरा बांध तयार होऊ शकतो, आणि तिथे खाली जलरोधक चादर नसते. वळचण काढायची तर पुन्हा पुन्हा बघत राहावे लागते.

धूर आणि वायूच्या नळ्या

हे काम दोन मिनिटांचे, पण हिमवादळानंतर सगळ्यांत आधीचे. बॉयलर, हीटर, वॉटर हीटर यांच्या धुराच्या नळ्या आणि हवा आत घेणाऱ्या नळ्या भिंतीतून किंवा छपरातून निघतात. हिमाने त्यांची तोंडे बुजली की कार्बन मोनॉक्साइड घरात परततो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, सुस्ती एकाच वेळी घरातल्या अनेकांना वाटू लागली तर सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर पडा आणि मग मदत बोलवा. रेकने उतरवलेला ढीग याच नळ्यांपुढे पडतो, म्हणून काम संपल्यावर घराभोवती एक फेरी मारा. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

हिवाळा ओसरल्यावर

हिम गेल्यावर आधी माळ्यावर चांगला टॉर्च घेऊन जा. वाशांच्या जोडांजवळ नव्या चिरा, खिळे उचकटलेले, फळ्यांवर काळे डाग किंवा पाण्याच्या वाळलेल्या रेषा शोधा. ओळंब्याचा शेवटचा आकडा आणि हिवाळ्याआधीचा आकडा ताडून बघा. वासा पूर्वपदावर आला नसेल तर त्याचे जोड तपासून घ्या. बाहेर पन्हळीचे आधार बघा. १२ सेंटिमीटर रुंद अर्धगोल पन्हळ बर्फाने भरली की मीटरला पाच किलोहून जास्त होते, सुळ्यांचे वजन वेगळे, आणि आधाराचे स्क्रू त्याने सैल होतात. कौलांच्या पृष्ठभागाचे पापुद्रे निघाले असतील तर त्यांत पाणी मुरून गोठले होते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि दर गोठण-वितळणीला थोडे थोडे फोडत जाते. अशी कौले पुढच्या हिवाळ्याआधी बदला. धुरांड्याभोवतीचा आणि खोबणीतला पत्रा सुटला असेल तर तोही बसवून घ्या. पत्र्याच्या छपरावरून हिम एकदम घसरून नळ्या, पन्हळ किंवा खालचे छप्पर मोडले असेल तर हिमरोधक एका ओळीत नव्हे, अनेक ओळींत वाटून लावा. पण त्याआधी छप्पर अडलेल्या हिमाचा पूर्ण भार पेलेल का, हे इंजिनिअरकडून विचारून घ्या.